विश्लेषण : जीवाणूची ‘गोड’ पकड सोडवता येईल का?

मूत्रमार्गाच्या संसर्गाला बहुतेक वेळा ‘ई. कोलाय’ हा जीवाणू कारणीभूत असतो. अनेक अँटिबायोटिक्सना तो आता दाद देत नाही. त्यामुळे त्याला मारण्याऐवजी त्याची पकडच सोडवण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञ करत आहेत.

पकड बसते कशी?
या जीवाणूच्या अंगावरील केसांसारख्या तंतूंच्या टोकाला ‘फिमएच’ हे प्रथिन असते. मूत्राशयाच्या पेशींवरील मॅनोज या साखरेला ते धरून ठेवते. लघवीच्या प्रवाहाचा ताण पडला, की ही पकड आणखी घट्ट होते.

मग मॅनोज खाल्ले तर?
जीवाणू मोकळ्या साखरेला चिकटून लघवीवाटे बाहेर पडेल, या तर्कावर मॅनोजची पावडर विकली जाते. मात्र, वारंवार संसर्ग होणाऱ्या ५९८ महिलांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. सहा महिने रोज २ ग्रॅम मॅनोज घेऊनही ५१ टक्के महिलांना संसर्गाच्या संशयावरून पुन्हा वैद्यकीय मदत घ्यावी लागली. मॅनोज नसलेली पावडर घेणाऱ्यांत हे प्रमाण ५५.७ टक्के होते. म्हणजे ठोस फरक नाही.

पुढे काय?
साध्या मॅनोजवरील फिमएचची पकड सैल असते. प्रथिनातील खाचेचा आकार कळल्याने तिच्यात घट्ट बसणारे मॅनोजसारखे रेणू तयार करता आले. उंदरांवर त्यांचा परिणामही दिसला. जीवाणू मरत नसल्याने औषधाला दाद न देणारे वाण वाढण्याचा धोकाही कमी राहील, अशी अपेक्षा आहे. तोपर्यंत जळजळ किंवा ताप असल्यास पावडरीच्या भरवशावर न राहता डॉक्टरांना दाखवणेच योग्य.