परत आलेले पाचशे रुपये

माझ्या खालाचा मुलगा वेळापूरजवळच्या एका परमिट रूममध्ये दर शनिवारी कीबोर्ड वाजवतो. चौघांची पार्टी आहे. एक गाणारा, एक ऑक्टोपॅडवाला, एक ढोलकीवाला आणि हा. साडेसातला सुरू करतात, दहाला आवरतात. जुनी हिंदी गाणी, थोड्या लावण्या, गिऱ्हाइकाने चिठ्ठी पाठवली तर फर्माईश.

गेल्या रमजानमध्ये त्याने इफ्तारीसाठी पाचशे रुपये दिले. दुसऱ्या दिवशी ते परत आले. "शराबखान्याचा पैसा आहे, अल्लाहच्या घरी चालत नाही," असा निरोप होता. त्याने नोट खिशात ठेवली आणि काही बोलला नाही. खाला मात्र त्या दिवशी रोजा सोडताना नीट जेवली नाही.

आधीच सांगतो, मी पीत नाही आणि बारची वकिली करायला बसलेलो नाही. निरोप पाठवणाऱ्यांच्या म्हणण्याला आधार नाही, असंही मी म्हणणार नाही. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर, म्हणजे गाणं ऐकण्यावर, एक स्वतंत्र भाग लिहिला आहे. ते गाण्याला सरसकट हराम ठरवत नाहीत, पण पिणाऱ्यांच्या मैफलीची खूण बनलेली वाद्यं टाळा म्हणतात. दुसरीकडे निजामुद्दीन औलियांना समाअच्या बाजूने सुलतान गयासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांसमोर उभं राहावं लागलं होतं. म्हणजे वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना मोठी माणसं आहेत. मला तो इथे मिटवायचा नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: हा पोरगा बारपर्यंत पोहोचला कसा?

तो आधी बँजो पार्टीत होता. लग्नं, वराती, उरूस, गणपती, सगळीकडे वाजवायचा. मग डीजे आला. दहा-बारा वाजवणाऱ्यांच्या जागी एक टेम्पो आणि दोन माणसं पुरेशी झाली. पार्टी मोडली. उरलेलं काम हंगामी. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत हिंदूंची लग्नं नाहीत, मोहरममध्ये आणि रमजानमध्ये आपली नाहीत. वाजवणाऱ्याच्या घरात मात्र चूल बाराही महिने पेटवावी लागते. शनिवारचे पैसे थोडे आहेत, पण दर शनिवारी मिळतात. मुलीच्या शाळेची फी त्या शनिवारांवर चालते. नक्की येणाऱ्या पैशाची किंमत पगारदार माणसाला कळायची नाही.

आणि बारमध्ये वाजवणारा म्हणजे वाया गेलेला, हेही खरं नाही. मुंबईत दारूबंदीचा कायदा 1949 चा. परवाना असलेल्यालाच प्यायला मिळावी, या व्यवस्थेतून 'परमिट रूम' हा शब्द आला. त्या काळातल्या मुंबईच्या हॉटेलांत गोव्याचे वादक रात्री वाजवायचे आणि दिवसा फिल्म स्टुडिओत जायचे. ताजमध्ये ट्रम्पेट वाजवणारा चिक चॉकलेट हा मूळचा अंतोनियो झेवियर वाझ. पुणतांब्यात जन्मलेल्या आपल्या सी. रामचंद्रांबरोबर त्याने काम केलं. 'अलबेला' (1951) मध्ये तो साथीदारांसह पडद्यावरही दिसतो. ती गाणी आपल्या बुजुर्गांनाही पाठ आहेत. वाजवणारे हात रात्री कुठे होते, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

सरकारलाही हा गोंधळ सोडवता आला नाही. 2005 मध्ये डान्स बारवर बंदी आणली आणि बड्या हॉटेलांना तेवढी सूट दिली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी चुकीची ठरवली. ऑर्केस्ट्रा बारमध्ये चार बायका आणि चार पुरुष असंच गणित हवं, ही अटही न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये काढून टाकली. आठ जणांची मर्यादा राहिली, पण त्यात कोण किती हे ज्याचं त्याने ठरवावं. रोजीरोटीचं काम आहे, तेव्हा नीती शिकवण्याच्या नावाखाली ते हिरावू नका, असा या सगळ्याचा अर्थ मी लावतो.

वेळापूर हे माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचं गाव. इथला धावा बघायला आम्ही लहानपणी सगळेच जायचो. हाच पोरगा एकादशीच्या भजनात पेटीवर बसतो. तिथे त्याला 'काल कुठे वाजवत होतास' असं कोणी विचारत नाही. चहा देतात, मान देतात. पण मानधन तिथेही नाही, हे सांगितलंच पाहिजे. देवाच्या दारी सेवा, लग्नात 'घरचाच आहेस', आणि पैसे फक्त बारमध्ये. मग तो जाईल कुठे?

आपल्याकडे उरुसाला बाहेरची कव्वाली पार्टी येते. तिला बिदागी, गाडीभाडं, जेवण, सगळं मिळतं आणि मिळायलाच हवं. त्यातली एक रात्र गावच्या पोरांना का नाही? वर्गणी काढून डीजे सांगणारी मंडळं महिन्यातून एक संध्याकाळ चार वादकांना बसवू शकत नाहीत का? वाचनालयाच्या हॉलमध्ये, शाळेच्या आवारात, चहाच्या हॉटेलात. ठरलेला वार, ठरलेले पैसे, जेवढे देता येतील तेवढे. असा एखादा वार मिळाला तर बार सोडीन, असं तो स्वतः म्हणतो. बारमालकांनाही एक सांगणं आहे. गिऱ्हाईक कमी आलं म्हणून वाजवून झाल्यावर पैसे कापू नका. गिऱ्हाईक आणणं हे ढोलकीवाल्याचं काम नाही.

आता ती पाचशेची नोट. ज्यांच्याकडून ती परत आली, त्यांच्यातल्याच एका घरच्या लग्नात त्याच हिवाळ्यात हा पोरगा चार तास वाजवत होता. त्याला पोटभर बिर्याणी आणि खांद्यावर एक शाल मिळाली. पैशाचा विषय निघाला नाही, त्यानेही काढला नाही. मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण जुम्म्याला ऐकतो आणि मान हलवतो.

त्याचा बारचा पैसा नको असेल तर नका घेऊ, तो तुमचा हक्क आहे. पण त्या लग्नातल्या चार तासांचे आधी द्या. त्यातले पाचशे तो इफ्तारीला आणून देईल, आणि ते तुम्हाला परत करता येणार नाहीत.