मदतीचे हात होते, जोडणारे कमी पडले

ब्रिटनमध्ये कोरोनाची टाळेबंदी जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २४ मार्च २०२० रोजी, सरकारने एनएचएससाठी अडीच लाख स्वयंसेवक मागितले. पाच दिवसांत साडेसात लाख नावे आली आणि नोंदणी थांबवावी लागली. या देशाबद्दल आदर वाटावा अशीच ही गोष्ट. पण पुढे काय झाले तेही विसरू नये. लोकांनी ‘गुडसॅम’ अ‍ॅप फोनवर घेतले, आपण हजर असल्याचे त्यात कळवले, आणि त्यांतले कितीतरी जण आठवडेच्या आठवडे कामाची वाट बघत राहिले. त्याच वेळी दोन रस्ते पलीकडे एखाद्या एकट्या म्हाताऱ्या बाईंना दूध-भाजी कोण आणून देईल याची चिंता लागलेली असे. या दोघांची गाठ घालून द्यायला मध्ये कोणी नव्हते. हे गाठ घालण्याचे काम इथल्या आपल्या मराठी मंडळाने हाती घ्यावे, तेही पुढची साथ येण्याआधी, असे माझे ठाम मत आहे.

गल्लोगल्ली उभे राहिलेले ‘म्युच्युअल एड’ गट त्या मानाने लवकर कामाला लागले. दारातून चिठ्ठी टाकायची: मी अमुक नंबरच्या घरात राहतो, सामान, औषध किंवा नुसते बोलायला कोणी हवे असेल तर फोन करा. बस्स. ज्यांना अ‍ॅप जमत नव्हते त्यांनाही फोन जमत होता.

आपल्या लोकांच्या काही अडचणी मात्र त्या चिठ्ठीत मावणाऱ्या नव्हत्या. २२ मार्चपासून भारतात उतरणारी आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली. लेकीच्या बाळंतपणाला, नातवंडांना भेटायला आलेले आईवडील इथेच अडकले. अडकलेल्यांना परत नेणारी ‘वंदे भारत’ची विमाने ७ मे रोजी सुरू झाली, तोवर कित्येकांच्या पिशवीतल्या बीपी-शुगरच्या गोळ्या संपत आल्या होत्या. एका काकूंनी शेजारच्या स्वयंसेवकाला सांगितले, “ग्लायकोमेट आणून द्या.” तो भला माणूस गोंधळला, हे नाव त्याने कधी ऐकलेच नव्हते. जावयाने दोन-चार ओळखीत फोन फिरवले तेव्हा आपल्यातल्याच एका फार्मासिस्ट मुलीपर्यंत निरोप पोहोचला. ती म्हणाली, “काकू, गोळ्यांच्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा बरं.” लिहिले होते मेटफॉर्मिन, म्हणजे इथेही मधुमेहाला सर्रास देतात तेच औषध! मग तिने समजावले की पाहुण्यांचीही जीपीकडे तात्पुरती नोंदणी होते, डॉक्टरांच्या भेटीचे पैसे पडत नाहीत, आणि कोरोनाची तपासणी व उपचार तर पाहुण्यांनाही मोफत आहेत. बिलाच्या आणि व्हिसाच्या धास्तीने ताप अंगावर काढणाऱ्यांना हे कोणीतरी मराठीत, ओळखीच्या आवाजात सांगायला हवे होते. सांगू शकणारी माणसे आपल्या मंडळात भरपूर आहेत. काकूंना त्यांतली एक सापडली ती केवळ नशिबाने. दुसऱ्या काकूंचे नशीब तितके चांगले असेलच असे नाही.

साथीच्या काळात माणूस दार कोणाला उघडतो, हे मराठी समाजाला नवे नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घरात शिरू लागले तेव्हा लोक रुग्णांना लपवू लागले. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला तोही याच प्लेगात. सेवा करतानाच संसर्ग होऊन १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. २०२० मध्ये धारावीत पालिकेच्या पथकांबरोबर वस्तीतले खासगी डॉक्टर घरोघर फिरले. ज्यांच्याकडे एरवी ताप-खोकल्याला जायचे तेच डॉक्टर दारात आले, म्हणून लोक मोकळेपणाने लक्षणे सांगू लागले. परक्या देशात आपल्या ज्येष्ठांसाठी असा ओळखीचा आवाज मंडळाचाच असू शकतो.

आपण सांस्कृतिक मंडळ आहोत, हे आपले काम नव्हे, असे काही जण म्हणतील. गणपतीच्या महाप्रसादाला शेकडो पानांची व्यवस्था आपण लावतो. कोण गाडी आणेल, कोण भांडी आणेल हे बिनचूक ठरते. ही शिस्त सणापुरतीच का ठेवायची? काउन्सिल बघून घेईल, हेही अर्धेच खरे. घरपोच जेवणाची सोय काउन्सिल करील, पण कोणाला कांदा-लसूण चालत नाही, कोणाचे कान गेलेत, कोणाचा मुलगा बोलत नाही, हे तिला कोण सांगणार? आक्षेपांपैकी खरा वजनदार आहे तो खासगी माहितीचा. म्हणून गाठ घालण्यासाठी ठेवायच्या यादीत नाव, फोन, पोस्टकोड आणि गरज एवढेच असावे. तेही संमतीने, आणि दोनच जणांच्या हाती.

ती यादी ज्यांच्या हाती असेल असे दर भागाला दोन संपर्कप्रमुख हवेत, म्हणजे एक आजारी पडला तरी काम अडणार नाही. त्यांनी फोन घेऊन काम वाटून द्यायचे, पिशव्या वाहायच्या नाहीत. हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मन असलेला माणूस फोन ठेवून पहिल्याच हाकेला स्वतः धावतो आणि मागचे दहा फोन तसेच वाजत राहतात. स्वयंसेवकांनी कोणाचे बँक कार्ड किंवा पिन घ्यायचा नाही. पावतीचा फोटो पाठवून मगच पैसे घ्यायचे. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट सभासदांची वेगळी नोंद ठेवायची.

येत्या सर्वसाधारण सभेत कार्यकारिणीने हा विषय घ्यावा आणि सभासद-अर्जात दोन ओळी वाढवाव्यात: तुम्ही काय करू शकता, आणि तुम्हाला काय लागू शकते. पहिली फोनफेरी ऑक्टोबरात, फ्लूच्या लशीच्या सुमारास करावी. लशीला जायला गाडी हवी का, एवढेच विचारायचे. कोणाचा नंबर बदलला, कोण दुसऱ्या गावी गेले, कोणता संपर्कप्रमुख फोनच उचलत नाही, हे तेव्हाच कळेल आणि यादी वेळेत दुरुस्त करता येईल.