न सांगता गेलेल्याचे वेतन

व्यवसायबंधू एकत्र जमले की रुग्णचर्चेनंतर हमखास निघणारा विषय म्हणजे टिकाऊ माणसांचा अभाव. पंचकर्मातील परिचारक, औषधविक्री सांभाळणारा मदतनीस, फार्मसीत कुटण्या-चाळण्याचे वा भरणीचे काम करणारा कामगार, यांपैकी कोणीतरी एके दिवशी येत नाही, दूरध्वनी उचलत नाही, आणि चार दिवसांनी तो दुसरीकडे रुजू झाल्याचे कळते. पुढे तोच मनुष्य काम केलेल्या दिवसांचे वेतन मागावयास येतो. ते द्यावे की नाही? बहुतेकांचे उत्तर ‘देऊ नये’ असे असते. आमचे मत निराळे आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की होणारे नुकसान खरे असते. योगबस्तीचा क्रम आठ बस्तींचा. पाचव्या दिवशी परिचारिका आली नाही, तर त्या स्त्रीरुग्णाला काय सांगावयाचे? पर्यायी व्यक्ती लगेच मिळत नाही, आणि क्रम मोडला तर दोष वैद्याच्या माथी येतो. औषधनिर्मात्यांची अडचण याहून मोठी. निर्मिती पूर्णवेळ तंत्रज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावी, असा नियम आहे. ती व्यक्ती अचानक गेली तर कारखान्याचे कामच अडते. तेव्हा मालकाचा संताप अकारण नाही.

परंतु संताप रास्त असला म्हणजे वेतन रोखणे रास्त ठरत नाही. येथे दोन खाती आहेत. अठरा दिवस काम केले, त्याचे वेतन हे पहिले खाते. पूर्वसूचना दिली नाही, हा कराराचा भंग, ते दुसरे. पहिल्या खात्यातील काम आपल्या पदरात पडलेले आहे. त्या अठरा दिवसांत केलेल्या अभ्यंगाचे शुल्क आपण रुग्णाकडून घेतले, भरलेल्या बाटल्या विकल्या. एकोणिसाव्या दिवशी तो आला नाही म्हणून आधीचे अठरा दिवस पुसले जात नाहीत.

कायद्याची भूमिकाही हीच आहे. वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. तिच्यानुसार कर्मचाऱ्यास काढले अथवा त्याने राजीनामा दिला, तरी देय वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावयाचे असते. न सांगता गेलेल्याने लेखी राजीनामा दिलेला नसतो, असा युक्तिवाद कोणी करील; पण मासिक वेतन पुढील महिन्याची सात तारीख उलटण्यापूर्वी देण्याचे बंधन तरीही उरतेच. वेतनातून कपात कशासाठी करता येते, तेही संहितेने मोजून सांगितले आहे. गैरहजेरीचे दिवस, दिलेली उचल, ताब्यातील मालाचे त्याच्या हयगयीने झालेले नुकसान (तेही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर) ही कारणे त्यात आहेत, आणि एकूण कपात निम्म्या वेतनाहून अधिक होता कामा नये. पूर्वसूचनेअभावी कपातीचा उल्लेख आहे तो दहा किंवा अधिक जणांनी संगनमताने काम सोडल्याच्या प्रसंगापुरता, आणि तोही करारात तशी अट असल्यास आठ दिवसांच्या वेतनाच्या मर्यादेत. शिवाय वाद उद्भवल्यास वेतन दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

हे केवळ आधुनिक कायद्याचे सांगणे आहे असेही नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात वेतन घेऊन काम न करणाऱ्यास दंड आहे आणि वेतन न देणाऱ्या स्वामीसही आहे. दोन अपराध, दोन दंड. एकाने दुसरा फिटत नाही. आपल्या शास्त्राने तर परिचारकास चिकित्सेच्या चार पादांत वैद्याच्या बरोबरीने स्थान दिले आहे. उपचारांचे ज्ञान, दक्षता व शुचिता यांबरोबर अनुराग हा त्याचा गुण चरकाने सांगितला. हा अनुराग वेतन अडकवून निर्माण होत नाही.

आता व्यवहाराचा विचार करू. वेतन रोखल्याने इतरांना जरब बसते, असे सांगितले जाते. आमचे निरीक्षण याच्या उलट आहे. ‘नोकरी सोडतो’ असे सांगितले की पैसे अडकतात, हे ज्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना ठाऊक असते, तेथे कोणीच आधी सांगत नाही. सात तारखेला पगार हाती घ्यावयाचा आणि आठ तारखेपासून यावयाचे नाही, हाच शहाणपणा ठरतो. पंधरा दिवसांचा पगार कायम मागे ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिचाही परिणाम हाच. म्हणजे ज्या रोगावर हा उपाय योजला, त्याचाच तो हेतू होऊन बसतो. निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हे अधिक सांगावयास नको.

मग मालकाने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. दुसरे खाते दुसऱ्या मार्गाने सांभाळावे. नेमणूक करतानाच मराठीत, त्या व्यक्तीस समजेल असे नेमणूकपत्र द्यावे. त्यात पूर्वसूचनेचा कालावधी दोन्ही बाजूंना सारखा असावा. सांगून जाणाऱ्यास हिशेब व अनुभवाचा दाखला शेवटच्या दिवशीच मिळेल, असा लौकिक निर्माण करावा. कोणाचीही मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत. प्रत्येक कामात दुसरी एक व्यक्ती तयार ठेवावी, म्हणजे एकाच्या जाण्याने बस्तिक्रम मोडणार नाही. किल्ल्या, साठा व रोकड यांची नोंद वेळोवेळी करावी.

हिशेबही सोपा ठेवावा. मासिक वेतन 15,000 रुपये, महिना तीस दिवसांचा, काम अठरा दिवस. देय रक्कम 9,000 रुपये. उचल 3,000 रुपये असल्यास ती वजा करून 6,000 रुपये बँकखात्यात जमा करावेत आणि हिशेबाचा कागद त्याच्या हाती द्यावा. त्याच कागदावर ‘पूर्वसूचना न देता सेवा सोडली’ अशी सत्य नोंद करण्यास कोणाचीही हरकत नाही. पुढे कोणी त्याच्याविषयी विचारणा केली तर तेवढेच सांगावे. अधिक नाही, उणे नाही.

सहा हजार रुपयांनी कोणाचे औषधालय बुडत नाही. पण ज्याच्या घरी त्या रकमेतून वाणसामान यावयाचे असते, त्याचा महिना मात्र अडतो. आणि उरलेले कर्मचारी हे सारे शांतपणे पाहत असतात. जाणाऱ्याशी आपण कसे वागलो, यावरून राहणारे आपले मोल ठरवितात. संघटनेच्या सर्व सभासदांनी नेमणूकपत्र व अंतिम हिशेब यांचा एकच नमुना स्वीकारावा, अशी आमची सूचना आहे. पुढील सर्वसाधारण सभेत तिचा विचार व्हावा.