स्वस्त युरिया आणि कासची फुलं

दर सप्टेंबरात कासच्या फोटोंखाली तीच ओरड: गर्दी, गाड्या, प्लास्टिक. ओरड खरी आहे, पण अर्धवट. हवेतून काय पडतं, ते कुणी बघतं का?

पठारावरची दवबिंदू, सीतेची आसवं ही झाडं किडे खातात, ती हौसेने नाही. मातीत नायट्रोजनच कमी. अशा उपाशी जमिनीत दांडगं गवत माजत नाही, म्हणून तर या चिमुरड्यांना जागा मिळते. वरून फुकट खत पडलं तर फायदा कुणाचा? गवताचा! नेदरलँड्समध्ये हेच झालं. गोठ्यांतला अमोनिया वर्षानुवर्षं पडून हीदरची माळरानं गवताने गिळली. शेवटी २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची नायट्रोजन परवान्यांची पद्धतच मोडीत काढली.

आपल्याकडे अमोनिया येतो शेणामुतातून आणि युरियातून. जमिनीवर नुसत्या फेकलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन उडून जातो. लगेच शेतकऱ्याला शिव्या नकोत हं! २०१० मध्ये सरकारने बाकी खतांचे भाव सैल सोडले, युरियाचा तेवढा बांधून ठेवला. ४५ किलोची गोणी २७० रुपयांच्या आत. मग तो दुसरं काय टाकणार? बग सिस्टिममध्ये आहे, युजरला कशाला झापताय?

अनुदान गोणीवर नको, थेट शेतकऱ्याच्या खात्यात द्या. माती बघून काय घ्यायचं ते तो ठरवेल. तोवर फक्त प्लास्टिकवर भांडणं म्हणजे छप्पर गळतंय आणि आपण उंबरा पुसतोय.