न्हाणीघराचे काम जमिनीखालून सुरू व्हावे

नोकरीची पहिली पंधरा-वीस वर्षे राहते घर आहे तसे चालवून घेणारा मध्यमवर्गीय मनुष्य कधीतरी न्हाणीघराच्या दुरुस्तीपाशी येऊन थांबतो. निमित्त लहानच असते. मुलीचे लग्न ठरते, वृद्ध आईचा पाय मोरीत घसरतो, किंवा भिंतीची ओल स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. मग पतसंस्थेचे कर्ज निघते अथवा भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली जाते, आणि सारे कुटुंब एका संध्याकाळी फरशीच्या दुकानात जाऊन उभे राहते. पहिली चूक येथेच घडते. जी वस्तू जवळजवळ शेवटी बसावयाची तिची निवड सर्वांत आधी होते आणि हाती असलेल्या पैशांचा मोठा वाटा तिच्यात अडकून पडतो. जमिनीखालच्या नळांची पाळी येते तेव्हा खिसा रिकामा झालेला असतो.

हा दोष सर्वत्र आढळतो. पण अंजनगाव सुर्जीसारख्या वऱ्हाडातील गावात तो अधिक महाग पडतो. १८०३ सालच्या शिंदे-इंग्रज तहामुळे इतिहासाच्या पुस्तकात गेलेले हे गाव आज तालुक्याचे ठिकाण आहे. जुन्या घरांत न्हाणी परसात असे, तिचे पाणी केळी-अळूला जाई, आणि संडास, असलाच तर, आवाराच्या टोकाला असे. आता दोन्ही गोष्टी एका छपराखाली, अनेकदा देवघराच्या भिंतीला लागून आल्या आहेत. म्हणजे बदल केवळ फरशीचा नसून पाण्याच्या साऱ्या वाटेचा आहे. गंमत अशी की या कामात जमिनीतल्या जाळीखाली जे भांडे बसवितात त्याला देशभरातील नळकारागीर आजही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. शब्द घरचाच आहे. त्यामागचे शास्त्र मात्र घरात कोणी समजून घेत नाही. त्या भांड्यात सुमारे ५० मिलिमीटर पाणी कायम उभे राहते आणि तेच गटारातील दुर्गंधी व झुरळे यांना अडविते. खोली बचावण्याच्या नादात उथळ भांडे बसविले की नव्या कोऱ्या न्हाणीघरात वर्षभर वास येत राहतो, आणि दोष अगरबत्ती न लावणाऱ्या गृहिणीवर येतो.

वऱ्हाडची काळी जमीन कापसाला माउली, पण बांधकामाला सावत्र आई. उन्हाळ्यात ती हातभर भेगा देते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यात नुसता चर खणून पुरलेला नळ एक-दोन पावसाळ्यांत सांध्यातून निखळतो. बाहेरचा चेंबर एका बाजूला कलतो. उतार उलटा होतो. यास्तव चर खोल खणून काळी माती काढणे, खाली मुरूम-वाळूचा थर दाबून बसविणे, आणि त्यावर नळ ठेवणे हा या भागातील न्हाणीघराचा खरा पहिला टप्पा होय. मैल्याच्या चार इंची नळाला साधारणतः ४० फुटांत १ फूट उतार असावा. हे गणित सातवीच्या विद्यार्थ्यालाही करता येते, पण बहुतेक घरांत ते गवंड्याच्या नजरेवर सोडलेले असते.

हीच काळी माती पाणी शोषून घेण्यातही अत्यंत मंद आहे. मुरमाड जमिनीत चालणारा शोषखड्डा येथे पावसाळ्यात तुडुंब भरतो आणि घाण रस्त्याकडेच्या उघड्या नालीत येते. म्हणून खड्डा मोठा, भोवती वाळू-गिट्टीचा जाड थर, आणि विहीर वा बोअरपासून किमान १८ मीटर अंतर, एवढे तरी पाहिलेच पाहिजे. लहान प्लॉटवर ते अंतर मिळणे कठीण, हे मान्य. पण नकाशा मंजूर करताना नगरपालिकांनी दर्शनी भागाइतकीच आस्था सांडपाण्याच्या वाटेविषयी दाखविली तर निम्मी भांडणे जन्मालाच येणार नाहीत.

सेप्टिक टाकीचा विचार करताना एक गोष्ट विसरली जाते. ही टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. तिच्यावर फरशी घालून, वर तुळशीवृंदावन बांधून मोकळे होणारी कुटुंबे काही कमी नाहीत. पुढे ती तुंबते तेव्हा यंत्राची नळी आत जात नाही, आणि कुणा गरीब माणसाला आत उतरविण्याचा मोह होतो. संरक्षक साधनांविना असे उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीतील विषारी वायूने क्षणात जीव जातो. आणि अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली आहे. याच तालुक्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली. त्यांच्या मुलखात तरी टाकीचे झाकण उघडता येईल असे आणि गाडी पोहोचेल अशा जागी असावे, ही अपेक्षा मोठी नाही.

दुसरा प्रश्न येणाऱ्या पाण्याचा. तालुक्याचा पूर्णेकडील भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. शहानूर धरणाचे नळाचे पाणी गोडे असले तरी ते रोज व पुरेसे मिळतेच असे नाही, आणि उरलेली गरज बोअरचे पाणी भागविते. क्षारयुक्त पाण्यात जस्ती लोखंडी नळ आतून कुजतात, चकचकीत तोट्यांवर पांढरे डाग धरतात, गीझरच्या कांडीवर खडू साचतो. तेव्हा परदेशी घाटाच्या महाग तोट्यांपेक्षा सीपीव्हीसीचे नळ, दर मजल्याला स्वतंत्र बंद करण्याचा कॉक आणि सहज उघडून साफ होणारी फवारणी हे शहाणपणाचे. फ्लशची टाकीही दुहेरी बटणाची, ३ व ६ लिटरची घ्यावी. ज्या गावात पाण्यासाठी पिंप भरून ठेवावे लागते, तेथे दर खेपेला १०-१२ लिटर ओतणे ही चैनच म्हणावी लागेल.

खोलीच्या आतले काम त्यानंतरचे. जुने फोडून झाले की नवे नळ टाकून ते भिंतीत बुजविण्यापूर्वी दाब देऊन तपासावेत, आणि मोबाईलवर त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे; पुढे खिळा ठोकताना त्याचे मोल कळते. मग जलरोधक थर, आणि त्यावर किमान ४८ तास पाणी साठवून ठेवण्याची चाचणी. येथे कारागीर घाई करतो, कारण या दोन दिवसांची मजुरी त्याला मिळत नाही. ती घरमालकाने द्यावी. ते स्वस्त पडते. फरशी घासट, न घसरणारी असावी आणि उतार गोटी सोडून पाहावा. विजेच्या गीझरला अर्थिंग व गळतीरोधक स्विच हवाच. गॅसचा गीझर तर न्हाणीघराच्या बाहेरच. बंद खोलीत त्याच्या कार्बन मोनॉक्साइडने माणसे मेली आहेत.

शिक्षकवर्ग हे काम मे महिन्याच्या सुटीत काढतो. सुटी असते, पण तेव्हाच पाण्याची टंचाई असते, लग्नसराई असते, गिलावा उन्हात करपतो आणि घरात पाहुणे असतात. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने याहून कितीतरी बरे. घरात एकच संडास असेल तर आधी त्याची पर्यायी सोय लावावी. ती न लावता पहार हाती घेतली की पहिल्याच दिवशी बायकामुलींची कुचंबणा सुरू होते. वृद्धांसाठी आधाराची कांब आणि खुर्चीसह माणूस आत जाईल एवढे दार, या गोष्टी नंतर जोडता येत नाहीत असे नव्हे, पण नंतर त्या दुप्पट पैशांत होतात.

राहिला कारागिराचा हिशेब. तोंडी करार, अर्धे पैसे आगाऊ आणि उरलेले शेवटची फरशी बसताच, ही प्रचलित रीत आहे. त्याऐवजी पैसे टप्प्यांना बांधावेत: नळांची तपासणी झाल्यावर काही, पाणी साठवण्याच्या चाचणीनंतर काही. आणि एक लहानसा हिस्सा, आधी बोलून व कागदावर लिहून, काळ्या मातीने एक पावसाळा पाहीपर्यंत राखून ठेवावा.