'ते छद्मविज्ञान होते' या सांत्वनाचा इतिहास

क्रिस्पर आणि मानवी भ्रूणाच्या जनुक-संपादनाचा विषय निघाला, की समर्थकांकडून एक उत्तर हमखास येते. सुप्रजननशास्त्र हे नाझींचे छद्मविज्ञान होते, आजचे जनुकशास्त्र हे खरे विज्ञान आहे. सबब जुन्या पापांचे भय नव्या शास्त्राला घालू नये. उत्तर नेटके आहे, पण इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही. आणि हे दाखवायला हिटलरपासून सुरुवात करण्याचीही गरज नाही. (थ्रेड लांब आहे, विषयही तसाच आहे.)

२ मे १९२७. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'बक विरुद्ध बेल' खटल्यात व्हर्जिनिया राज्याचा सक्तीच्या नसबंदीचा कायदा आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरवला. कॅरी बक, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी अशा तीन पिढ्या 'मंदबुद्धी' असल्याचे न्यायालयाने गृहीत धरले. वास्तविक कॅरीला ते मूल बलात्कारातून झाले होते. ती मुलगी पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली आणि आठव्या वर्षी आजाराने वारली.

निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स कोणी माथेफिरू नव्हते. त्या काळातील अत्यंत आदरणीय विधिज्ञांत त्यांची गणना होई. त्यांनी आधार घेतला तो सक्तीच्या लसीकरणाचा. १९०५ साली त्याच न्यायालयाने देवीच्या लसीची सक्ती मान्य केली होती. होम्स यांनी तेच तत्त्व ताणून नसबंदीपर्यंत नेले. लसीचा हा दाखला लक्षात ठेवावा. नव्वद वर्षांनी तो पुन्हा भेटतो.

त्याच १९२७ साली मुंबईत 'सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया' हे इंग्रजी पुस्तक निघाले. भारतात सुप्रजननाची चळवळ उभी राहावी हे आवाहन त्याच्या उपशीर्षकातच होते आणि प्रस्तावना मार्गारेट सँगर यांची होती. लेखक ना. सी. फडके. होय, कादंबरीकार फडकेच. सुप्रजनन हा त्या पिढीतील अनेक सुशिक्षितांना प्रगतीचाच एक भाग वाटत होता. त्यांना खलनायक ठरवून मोकळे होणे हे इतिहासाचे वाचन नव्हे.

इरावती कर्वे यांचे उदाहरण समर्थक आनंदाने पुढे करतील. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्या मोजत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेचा वंशाशी संबंध असावा, ही फिशर यांची अपेक्षा. मोजमापांतून तसा संबंध निघाला नाही आणि इरावतीबाईंनी निर्भीडपणे तसेच लिहिले. खऱ्या विज्ञानाने खोट्याला हरवले, असे म्हणावेसे वाटते. पण हरवले कुठे? संस्था चालू राहिली, १९३३ साली फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, आणि त्याच वर्षीच्या कायद्याखाली जर्मनीत सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली.

१९३६ साली डॉ. आंबेडकरांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात या शास्त्राचा दुसरा अवतार गाठला. जातीमुळे रक्तशुद्धी राहते, असे सांगणाऱ्यांना त्यांनी आनुवंशिकतेच्या तत्कालीन ग्रंथांतूनच, बेटसनचा आधार घेऊन, उत्तर दिले. वर एक साधा प्रश्न टाकला : रोटीबंदीचे काय? पंक्तीला बसून जेवल्याने रक्त कसे बिघडते? त्यांनी सुप्रजननाचे तत्त्वच नाकारले, असे मात्र कोणी समजू नये. विचारपूर्वक जुळवलेल्या विवाहांना फारसा कोणी विरोध करणार नाही, असेच ते म्हणतात. त्यांचा रोख होता तो शास्त्राच्या नावाखाली जुनीच उतरंड राखणाऱ्यांवर. शास्त्र बरोबर की चूक याइतकेच, ते कोणाच्या हाती आहे हे पाहावे लागते.

आता 'खऱ्या' विज्ञानाकडे यावे.

लायनस पॉलिंग यांनी सहकाऱ्यांसह १९४९ साली दाखवून दिले, की सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील बदलामुळे होणारा आजार आहे. आजाराचे मूळ एका रेणूत सापडण्याचा तो पायाभूत क्षण. १९५४ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि अणुचाचण्यांविरुद्धच्या लढ्याबद्दल १९६२ सालचे शांततेचेही. आणि याच पॉलिंग यांनी १९६८ साली एका कायदेविषयक नियतकालिकात सुचवले, की सिकलसेलच्या जनुकाचे वाहक असलेल्या तरुण-तरुणींच्या कपाळावर गोंदण करावे, म्हणजे दोन वाहक एकमेकांना ओळखतील आणि प्रेमात पडण्याचे टाळतील.

पॉलिंग यांचे विज्ञान चुकले होते का? मुळीच नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. त्यांचा हिशेब बिनचूक होता. हेतूही करुणेचा होता, पुढच्या पिढीच्या वेदना टाळण्याचा. बिनचूक हिशेब आणि करुण हेतू यांच्या बेरजेतून कपाळावरचे गोंदण निघाले, तेही नाझी राजवट संपून वीस वर्षे उलटल्यावर. पुढे १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या सिकलसेल तपासण्या सक्तीच्या केल्या. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हा फरक कायदे करणाऱ्यांनाच उमगला नाही. निरोगी वाहकांना विमा आणि नोकऱ्या नाकारल्या गेल्या. अमेरिकी वायुदलाच्या अकादमीचे दार त्यांच्यासाठी १९८१ पर्यंत बंद होते.

येथे समर्थक दुसरा बुरूज गाठतात : ती सारी सरकारी सक्ती होती, आता निवड आई-वडिलांची असेल. या युक्तिवादाची परीक्षा महाराष्ट्रात होऊन गेली आहे. गर्भजल तपासणी भारतात १९७०च्या दशकात आली ती गर्भातील जनुकीय दोष ओळखण्यासाठी. विज्ञान अस्सल, उद्देश वैद्यकीय. काही वर्षांतच मुंबईच्या दवाखान्यांत तिचा उपयोग मुलगी ओळखून गर्भ पाडण्यासाठी होऊ लागला. कोणत्याही सरकारने सक्ती केली नव्हती. जोडपी स्वतः पैसे मोजत होती. स्त्रीवादी कार्यकर्त्यांच्या लढ्यानंतर १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला, १९९४ साली केंद्राचा आला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती, ती २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाली. सासर, हुंडा, वंशाचा दिवा यांच्या दाबाखाली केलेल्या निवडीला 'स्वतंत्र' म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. उद्या भ्रूणाचे जनुक निवडता आले, तर याच समाजात गोऱ्या रंगाची मागणी कोण थोपवणार?

आणि लस? नोव्हेंबर २०१८ मध्ये हे च्यान्कुई या चिनी संशोधकाने भ्रूणावस्थेत जनुक-संपादन केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. एचआयव्हीचा शिरकाव रोखण्यासाठी सीसीआर५ हे जनुक बदलल्याचा त्याचा दावा होता. वडील बाधित, आई निरोगी. अशा वेळी शुक्राणू धुऊन वापरण्याची साधी पद्धत उपलब्ध असते. जोडप्यांकडून घेतलेल्या संमतिपत्रात या प्रयोगाचे नाव होते 'एड्स लस विकास प्रकल्प'. होम्स यांनी सक्ती पचवण्यासाठी लसीचे नाव घेतले. हे याने संमती मिळवण्यासाठी घेतले.

याचा अर्थ जनुक-संपादन वाईट, असा कोणी काढू नये. सिकलसेलवरील 'कॅसजेव्ही' या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच रक्तपेशींचे संपादन होते. बदल पुढच्या पिढीत जात नाही आणि संमती देणारा रुग्ण समोर असतो. भ्रूणाच्या बाबतीत यांतले काहीच खरे नाही. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांवर तोच आजार आहे. तिथे आज पोहोचते ती तपासणी, आणि लग्नाआधी जुळवून पाहायचे जनुकीय स्थितीचे कार्ड. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचे लक्ष्य सात कोटी लोकांच्या तपासणीचे आहे. कार्ड उपयुक्त आहे. वाहक मुलीचे स्थळ त्या कार्डावरून परत गेले, तर तिचे म्हणणे कोणत्या कचेरीत ऐकून घेतले जाईल, एवढेच विचारायचे आहे.

हे च्यान्कुईला तीन वर्षांची कैद झाली ती बेकायदा वैद्यकीय व्यवसाय केल्याबद्दल, कारण भ्रूण-संपादनाचा गुन्हा तेव्हा चीनच्या दंडसंहितेत नव्हताच. तो २०२१ साली घातला गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संपादित भ्रूणातून मूल जन्माला घालण्यास मनाई आहे. मार्गदर्शक तत्त्वांत, दंडसंहितेत नव्हे.