शिकाऊ परिचारिकेच्या पाठीशी कोण?

रुग्णालयांना देणगी देण्याची आपल्या समाजाची परंपरा जुनी आहे. डायलिसिसचे यंत्र, रुग्णवाहिका, एखादी खोली किंवा मजला यांवर दात्यांची नावे आपण पाहतो. वैयावृत्त्याला सहा आभ्यंतर तपांत स्थान देणाऱ्या समाजाला हे साजेसेच आहे. मात्र शुश्रूषा करणाऱ्या मुलींना घडविणाऱ्या अध्यापिकेच्या वेतनासाठी कोणी निधी ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. (आपल्या मुली या व्यवसायात क्वचितच जातात, ही गोष्ट निराळीच.)

पुण्याला हा विषय नवा नाही. १९०९ साली रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुणे सेवासदन उभे केले. परिचर्येचे काम घरंदाज स्त्रीला न शोभणारे मानले जाई, त्या काळात ससूनमध्ये हे शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी सेवासदनाने वसतिगृह चालविले. दिवसभर वॉर्डात राबून आलेल्या मुलीला नुसता प्रवेश पुरत नाही, आधारही लागतो, हे रमाबाईंनी जाणले असावे.

आज भारतीय परिचर्या परिषदेचा निकष दर दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. परंतु ती अध्यापिका वर्गात किती वेळ असते आणि रुग्णाच्या खाटेजवळ किती, हा खरा प्रश्न आहे.

इन्सुलिनचेच उदाहरण घ्या. आपल्या घरोघरी ते परिचयाचे आहे. काही बाटल्यांत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, काहींत १००. चाळीसच्या सिरिंजचे टोपण लाल, शंभरच्या सिरिंजचे नारिंगी. शंभरचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या शरीरात वीसऐवजी पन्नास युनिट जातात. पुस्तकात हे दोन ओळींत येते. पण पहिल्यांदा सिरिंज भरताना मुलीचा हात थरथरतो, नातेवाईक टक लावून पाहत असतात, तेव्हा शेजारी उभी राहून खूण तपासणारे कोणी हवे. बँकेत एकाची नोंद दुसरा अधिकारी तपासून मंजूर करी आणि चुकलेली नोंद दुसऱ्या दिवशी उलटविता येई. टोचलेले औषध उलटविता येत नाही.

वॉर्डातील सिस्टरने हे करावे, असे कोणी म्हणेल. तिच्या शिरावर भरलेल्या वॉर्डाची जबाबदारी असते. तिने शिकवावे केव्हा? मग विद्यार्थिनी फाइली पोहोचविण्यातच अडकते आणि रुग्णालयाला बिनपगारी मनुष्यबळ मिळते. चांगली अध्यापिका पाळीच्या आरंभी प्रत्येकीला तिचा रुग्ण नेमून देते, चूक झाल्यास रुग्णासमोर अपमान न करता बाजूला घेऊन सांगते, पाळी संपताना सर्वांना एकत्र बसवून दिवसाची उजळणी घेते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांदेखत पहिला मृत्यू होतो, त्या दिवशी तिला घेऊन बसणारीही तीच.

आपल्यापैकी अनेक जण रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. जेथे परिचर्या महाविद्यालय जोडलेले असेल तेथे पुढील बैठकीत विचारावे, की काल सकाळच्या पाळीत कोणती अध्यापिका वॉर्डात होती, किती वेळ होती, आणि रात्रपाळीच्या मुलींकडे कोण पाहते. देणगीची बोलणी चालू असल्यास यंत्राच्या किमतीबरोबर एका अध्यापिकेच्या वार्षिक वेतनाचा आकडाही मागवावा. तेवढे व्याज देणारा कायम निधी उभारणे व्यापारी कुटुंबांना अवघड नाही. दात्याच्या आई-वडिलांचे नाव त्या पदाला खुशाल द्यावे.